माझा पगार धरत नाहीत, मग नवऱ्याने नोकरी बदलावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकला घरून सिंगापूरच्या कंपनीचं काम करता, कॉन्ट्रॅक्टर म्हणून, वर्षाला 30 लाखांच्या आसपास येतात. मिस्टर बर्मिंगहॅमला, ब्रिटिश पासपोर्ट, पगार 25,000 पाऊंड, आणि स्पाउस व्हिसाला लागतात 29,000. आता त्यांना एका अमेरिकन स्टार्टअपची घरून कामाची ऑफर आलीय, 38,000 पाऊंडांची पण कॉन्ट्रॅक्टवर, आणि घरातले सगळे म्हणतायत घेऊन टाका, प्रश्न मिटला.

माझं मत, आत्ता घेऊ नका. व्हिसा हातात येईपर्यंत त्यांची ही 25,000 ची नोकरी सांभाळा. पगार जास्त म्हणजे व्हिसा लवकर असं वाटणं साहजिक आहे पण इथे हिशेब उलटा पडतो.

कारण कॉन्ट्रॅक्टवर गेले की ते नोकरदार राहत नाहीत, सेल्फ एम्प्लॉइड होतात, आणि त्या गटात सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप चालत नाहीत, पूर्ण आर्थिक वर्षाची कमाई आणि एचएमआरसीकडे, म्हणजे तिकडच्या टॅक्स खात्याकडे, भरलेलं रिटर्न लागतं. तिकडचं आर्थिक वर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल. म्हणजे पुढच्या एप्रिलच्या आधी तर नाहीच, कदाचित त्याच्याही पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागेल. वर खर्च वजा जाऊन जो नफा उरतो तो धरतात, बिलाचा आकडा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सेल्फ एम्प्लॉयमेंटची कमाई कमी पडली तर ती बचतीने भरून काढता येत नाही, पगार कमी पडला तर येते. तुमची अख्खी केस या एका वाक्यावर उभी आहे.

तुमच्या मनाला लागलंय की एवढं कमावते आणि माझा रुपयाही धरत नाहीत. खरंय, भारतातून अर्ज करताना तुमची इथली कमाई धरत नाहीत, सिंगापूरहून येवो नाहीतर गंगापूर रोडवरून. पण तुमची बचत धरतात! नवऱ्याच्या नावावर, तुमच्या नावावर किंवा दोघांच्या, काहीही चालतं. हे लोकांना माहीतच नसतं आणि दोन दोन वर्षं लांब राहतात, म्हणून मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

बचत किती लागते याचा ठरलेला सरकारी हिशेब बघा. 29,000 ला कमी पडतात 4,000. त्याला अडीचने गुणा, 10,000. त्यात 16,000 मिळवा. झाले 26,000 पाऊंड, आणि एवढी बचत अर्जाच्या आधी सलग सहा महिने राहिलेली दाखवायची. पाऊंड 120 रुपये धरला तर 31 लाख 20 हजार. (कुणी नातेवाईक 18,600 चा आकडा सांगत असतील तर तो जुना, 11 एप्रिल 2024 पासून 29,000 झाला. अर्ज भरायच्या दिवशी सरकारी साइटवर पुन्हा बघाच.)

आता तुम्ही पाठवलेली यादी. राष्ट्रीयीकृत बँकेतली 22 लाखांची एफडी एकट्या तुमच्या नावावर आहे, ती जशीच्या तशी धरा, मोडू नका. तुम्ही लिहिलंय की एफडी मोडून सेव्हिंगला टाकू का, तर गरज नाही, पैसे हवे तेव्हा लगेच काढता येतात एवढंच बघतात, पेनल्टी लागली तरी चालतं. टॅक्स वाचवायची पाच वर्षांची एफडी मात्र नाही, पीपीएफही नाही. पतसंस्थेतले 6 लाख विसरा, बँकिंग नियामकाच्या देखरेखीखालची संस्था लागते. आणि 9 लाखांची जी एफडी "आई किंवा मी" अशी आहे ती यात घेऊ नका, तिसऱ्या माणसाचं नाव आलं की पैसा नक्की कोणाचा यावर प्रश्न निघतात.

उरले म्युच्युअल फंडातले 14 लाख. फंड सहा महिने ठेवून अर्जाच्या आधी विकता येतात, नियमात बसतं, पण त्यासाठी सहा महिन्यांपूर्वीची किंमतही तेवढी होती हे दाखवावं लागतं आणि मधे बाजार पडला तर सगळं गणित बिघडणार. एवढ्या महत्त्वाच्या कामाला मी ती रिस्क घेणार नाही. आत्ताच विका, नवीन एफडी करा आणि त्या तारखेपासून सहा महिने मोजा. इक्विटी फंड वर्षाच्या वर ठेवलेले असतील तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स जाईल, जाऊ दे. टॅक्स जाऊन एकूण 34-35 लाख होतात, आणि हा वरचा पैसा लागतोच, कारण रुपयाचे पाऊंड ओआंडा या चलनांचे दर देणाऱ्या साइटवरच्या, अर्जाच्या दिवशीच्या रेटने करतात. सहा महिन्यांत एकही दिवस रक्कम खाली येता कामा नये. हेल्थ सरचार्जच, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे, वर्षाला 1,035 च्या हिशेबाने तीन वर्षांचे 3,105 पाऊंड एकदम भरायचे आहेत, व्हिसाची फी वेगळी, तर हे पैसे दुसऱ्या खात्यातून काढा.

त्या सहा महिन्यांत मिस्टरांच्या स्लिपही तयार होतात. एकाच कंपनीत सहा महिने, आणि त्यात सगळ्यात कमी असलेला बेसिक पगार धरतात, त्यामुळे बिनपगारी रजा नको.

ऑफर अगदीच सोडवत नसेल तर स्टार्टअपला विचारा, यूकेच्या पेरोलवर घ्याल का, टॅक्स कापून पगार, तिथे शाखा नसली तरी मधली पेरोल कंपनी घालून करतात असं. तसं झालं तर सहा महिन्यांच्या स्लिपवर काम होतं आणि बचतीची गरजच पडत नाही, मग मी हो म्हणेन. फक्त एफडी तशाच राहू द्या, प्रोबेशनमध्ये काही झालं तर नव्या नोकरीचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही मधे व्हिजिटर म्हणून जाऊन याल तेव्हा थोडंफार सिंगापूरचं काम केलं तर चालतं, जानेवारी 2024 पासून तशी मुभा आहे, पण जाण्याचं कारण ते नको, आणि तिथे राहून व्हिजिटरचा स्पाउस व्हिसा करून मिळत नाही.

स्पाउस व्हिसावर गेल्यावर हेच काम बर्मिंगहॅममधून बिनधास्त करा. टॅक्स तिकडे भरायचा, एचएमआरसीकडे सेल्फ एम्प्लॉइड म्हणून नाव नोंदवायचं, आणि व्हिसाच्या एक्स्टेन्शनच्या वेळी तुमची कमाईसुद्धा धरतात. पण तेव्हा तुम्हालाही तोच पूर्ण आर्थिक वर्षाचा नियम, म्हणून पहिल्या दिवसापासून बिलं आणि बँक स्टेटमेंट नीट ठेवा. इथलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्या. कुणी सांगेल की नवीन आलेल्यांना परदेशातल्या व्याजावर चार वर्षं यूकेचा टॅक्स माफ आहे, आहे खरा, पण तो घेतला की 12,570 ची करमुक्त मर्यादा जाते, तुमच्या एफडीच्या व्याजासाठी ते परवडत नाही.

या आठवड्यात दोन कामं करा. बँकेत जाऊन एफडीचं ऑटो रिन्युअल बघा, मधेच मुदत संपून नवीन नंबर पडला तर जुन्या-नव्या दोन्हीचं पत्र लेटरहेडवर लागेल. आणि सिंगापूरला मेल टाकून यूकेमधून काम करायला लेखी परवानगी मागा, ते नाही म्हणाले तर पुढचा सगळा हिशेब एका पगारावर करावा लागेल आणि ते आत्ताच कळलेलं बरं.