बेधडक व्हायचंय असं लिहिलंस म्हणून

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अमेरिकेच्या जनरल जिमी डूलिटलने 1942 साली टोकियोवर केलेल्या हल्ल्याची हकीकत वाचून तू भारावून गेल्याचं दिसतंय, आणि शेवटी ‘मलाही असंच बेधडक व्हायचंय’ असंही लिहिलंस. उड्डाणाचं वेड लागलं, उत्तम झालं. पण डूलिटल बेधडक होता हे काही मला पटत नाही. आजचं पत्र तेवढ्यासाठीच.

टोकियोचा हल्ला हा त्याच्या आयुष्यातला एक दिवस. त्या दिवशी तो 45 वर्षांचा होता. त्याआधीची पंचवीस वर्षं कोणी वाचत नाही, आणि सगळी गंमत तर तिथेच आहे. जन्म 1896चा, कॅलिफोर्नियातला. बालपण अलास्कात सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांच्या नोम गावात. बुटका, मुठी आवळून फिरणारा पोरगा. 1917मध्ये लष्कराच्या विमानदलात शिकाऊ वैमानिक म्हणून शिरला, पण पहिलं महायुद्ध संपेपर्यंत त्याला युरोप दिसलाच नाही. शिकवायला म्हणून घरीच ठेवला.

त्याच्या कसरतींचे किस्से तुला सापडतीलच. 1926मध्ये चिलीत एका मेजवानीत खिडकीच्या कठड्यावर हातांवर उभं राहण्याचा पराक्रम करताना खाली पडून दोन्ही घोटे मोडून घेतले, आणि प्लास्टरमधल्या पायांनी विमानाचं प्रात्यक्षिक केलं. हा किस्सा लोक चवीने सांगतात. मला विचारशील तर पहिला भाग शुद्ध आचरटपणा होता.

पण याच माणसाने 1925मध्ये एमआयटीतून विमानविद्येत डॉक्टरेट मिळवली. आधीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी त्याने लढाऊ विमानावर वेग वाढल्या-घटल्याचा ताण मोजणारं यंत्र बसवलं आणि सूर मारून ते एकदम वर खेचत राहिला. पंखांवर गुरुत्वाकर्षणाच्या साडेसात पटींहून जास्त भार येईपर्यंत. पंख कुठवर टिकतील आणि आतल्या माणसाची शुद्ध कुठे हरपेल, दोन्हींचे आकडे त्याला हवे होते. तेव्हा बहुतेक वैमानिक ‘अंदाजाने कळतं’ म्हणायचे. डूलिटलचा या अंदाजावर विश्वास नव्हता, आणि तीच त्याची खरी ओळख असं मी मानतो.

याचा कळस झाला 24 सप्टेंबर 1929 रोजी, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर. मागच्या कॉकपिटवर कापडी छत ओढून घेतलेलं, बाहेरचं काहीही दिसत नाही. पुढे बेन केल्सी हा सहवैमानिक बसला होता, पण आपण काही करत नाही हे खालच्या लोकांना दिसावं म्हणून त्याने हात वर धरलेले. डूलिटलने फक्त उपकरणांकडे बघत विमान उडवलं, सुमारे पंधरा मिनिटांत फेरी मारून तिथेच उतरवलं. समोर स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, आणि दिशा दाखवणारा गायरो, कोल्समनचा बारीक फरक टिपणारा उंचीमापक आणि रेडिओचा संकेत. बस्स.

यात एवढं काय, असं तुला वाटेल. ढगात शिरल्यावर माणसाचं काय होतं ते नीट समजून घे. तोल सांभाळतो तो आपला आतला कान. तिथल्या नळ्यांतला द्रव वळण सुरू होताना हलतो आणि मेंदूला वळल्याचं कळतं. पण वळण एकाच गतीने चालू राहिलं की काही सेकंदांत द्रव नळीबरोबर फिरू लागतो आणि मेंदू सांगतो, ‘सरळ चाललोय.’ विमान मात्र एका पंखावर कलून उंची गमावत असतं. मग तुम्ही ते सरळ केलंत की कान ओरडतो, ‘उलटीकडे वळलास!’ आणि हात आपसूक परत चुकीच्या बाजूला जातो. पुढे गिरकी, पुढे जमीन. कितीतरी कसलेले वैमानिक असे गेले. त्यांच्यात धैर्य कमी नव्हतं. त्यांनी स्वतःच्या शरीरावर भरवसा ठेवला, आणि शरीर खोटं बोलत होतं.

1930मध्ये तो लष्कराची पूर्ण वेळ नोकरी सोडून शेल तेल कंपनीत गेला. गिऱ्हाईक नसताना 100 ऑक्टेन हे विमानांसाठीचं वरच्या दर्जाचं पेट्रोल बनवायला त्याने कंपनीला भाग पाडलं, वेड्यात निघाला, आणि पुढे युद्धात मित्रराष्ट्रांची विमानं त्याच पेट्रोलवर उडाली. 1932मध्ये जी बी या कुप्रसिद्ध शर्यतीच्या विमानाने थॉम्पसन करंडक जिंकला आणि लगेच शर्यतींना रामराम ठोकला. जिंकल्यावर उठून जाणं सोपं नसतं.

आता टोकियो. एरवी धावपट्टीवरून उडणारी बी-25 बॉम्बर विमानं विमानवाहू युद्धनौकेच्या डेकवरून उडवायची होती. फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर नौदलाच्या एका लेफ्टनंटने या वैमानिकांना अगदी कमी अंतरात विमान उचलायला शिकवलं. विमानाच्या पोटाखालचा तोफबुरूज काढून टाकला, जादा टाक्या बसवून इंधन जवळपास दुप्पट केलं. शेपटीत बंदुका नव्हत्या, म्हणून झाडूचे दांडे काळे रंगवून लावले. बॉम्बचा नेम धरायचं गुप्त आणि महागडं यंत्र शत्रूच्या हाती पडू नये म्हणून वीस सेंटांत बनलेली धातूची पट्टी वापरली. कमी उंचीवरून ती पुरेशी होती.

18 एप्रिलला सकाळी जपानी टेहळणी बोट दिसली आणि ठरल्यापेक्षा सुमारे दहा तास आधी, शेकडो किलोमीटर अलीकडून निघावं लागलं. 16 विमानं, 80 माणसं. डूलिटल सगळ्यात पुढे, म्हणून त्याच्यापुढे डेक सगळ्यात कमी: सुमारे 142 मीटर. समुद्र खवळलेला. इशारा देणारा अधिकारी जहाजाचं नाक खाली जात असताना विमान सोडायचा, म्हणजे विमान टोकाला पोचेपर्यंत जहाजाचं नाक वर उचललेलं असे. सोळाच्या सोळा उडाली.

गौरवलेख बहुधा इथे संपतात, तू संपवू नकोस. एकही विमान चीनमधल्या ठरल्या तळावर उतरलं नाही. पंधरा नष्ट झाली, एक रशियात उतरलं आणि जप्त झालं. तिघे विमान पडताना किंवा उडी मारताना गेले, आठ जण जपान्यांच्या हाती सापडले. त्यांतल्या तिघांना गोळ्या घातल्या, एक कैदेत मेला. या वैमानिकांना लपवणाऱ्या चिनी गावांवर जपानी सैन्याने सूड उगवला. मेलेल्यांचे अंदाज अडीच लाखांपर्यंत जातात. टोकियोचं प्रत्यक्ष नुकसान मात्र किरकोळ. आपल्यावर लष्करी खटला चालणार अशी डूलिटलची खात्री होती. मिळालं ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, आणि कर्नलची पायरी ओलांडून थेट ब्रिगेडियर जनरलपद.

त्याच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग वेगळाच आहे. जानेवारी 1944मध्ये इंग्लंडमधल्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची सूत्रं त्याच्याकडे आली. लढाऊ विमानांच्या मुख्यालयात पाटी होती: बॉम्बर सुखरूप परत आणणं हे आपलं पहिलं कर्तव्य. त्याने ती उतरवायला लावली. पहिलं कर्तव्य जर्मन लढाऊ विमानं नष्ट करणं, असं ठरलं. बॉम्बरवाले चिडले, आपल्याला वाऱ्यावर सोडलं म्हणाले. पण पुढच्या काही महिन्यांत जर्मन हवाई दलाचं कंबरडं मोडलं, आणि बॉम्बरही त्यानेच वाचले.

त्याच दिवसांत हवामान बिघडतंय म्हणून त्याने निघालेली बॉम्बर विमानं परत बोलावली. वरिष्ठ, जनरल स्पाट्झ, भडकले. एवढं मोठं दल चालवायची हिंमत आहे का तुझ्यात, इथपर्यंत बोलले. विचार कर, आंधळं उड्डाण जगाला दाखवून देणारा माणूस ढगांमुळे माघार घेतोय! पण उपकरणं काय करू शकत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शेकडो विमानं, थकलेली पोरं, धुक्याने झाकलेले तळ. काही दिवसांनी स्पाट्झ स्वतः त्याच्यासोबत विमानात असताना हवामानाने असंच गाठलं, आणि उतरल्यावर तुझं बरोबर होतं असं त्यांनी कबूल केलं.

तेव्हा तुला सांगायचं ते एवढंच, की गणित आणि भौतिकशास्त्र हे प्रवेशपरीक्षेपुरतं उरकू नकोस. उड्डाण सुरू झाल्यावर प्रत्येक फेरीनंतर काय वाटलं आणि उपकरण काय दाखवत होतं, हे शेजारी शेजारी लिहून ठेवायची सवय लाव. ‘आज नको’ म्हणायची वेळ येईल तेव्हा सोबतचे हसतील. हसू देत. 1985मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्याला चौथा तारा, म्हणजे पूर्ण जनरलपद, मिळालं. वैमानिकांच्या त्या पिढीतला माणूस एवढं जगला हेच मला नवल वाटतं.

आणि पुढच्या पत्राबरोबर हे गणित सोडवून पाठव. जहाज 20 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर) वेगाने वाऱ्याच्या तोंडावर चाललंय, वारा 25 नॉटचा आहे, डेक 142 मीटर, विमान हवेत उचललं जायला 65 नॉट लागतात. त्वरण किती हवं? वारा 10 नॉटवर आला तर? पायऱ्या सगळ्या लिही, नुसतं उत्तर नको.

कळावे.