ओटीपी ह्यांच्या फोनवर येतो

प्रश्न : माझं वय ३८, शिक्षण नववी. बचत गटाची सचिव आहे. आधार असो की बँक, सगळीकडे ह्यांचाच नंबर दिलेला. परवा बँकेत केवायसीला ओटीपी आला तेव्हा हे ऊस घेऊन कारखान्यावर. फोन लागेना. दुपारभर बसून तशीच परत आले. आता गटाचे व्यवहारही मोबाइलवर भरायचे म्हणतात. मुलगा म्हणतो, ‘आई, तुला काय कळतंय त्यातलं?’ घरात नवा फोन मागू का?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : ताई, फोनचं नंतर बघू. आधी स्वतःच्या नावावर सिम घ्या. ओटीपी बटणाच्या साध्या फोनवरही येतो. घरात पडून असलेलं, दिराच्या नाहीतर भावाच्या नावावरचं सिम मात्र घालू नका. आणि रिचार्ज संपू देऊ नका. सिम तीन महिने वापरात नसलं की नंबर बंद होऊन दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो.

मग आधारला तो नंबर जोडा. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, बोटाचा ठसा लागतो. पोस्टमनही पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत हे काम घरी येऊन करतो, टपाल कार्यालयात विचारा. अडतं ते ठशापाशी. मी गटांना मोबाइल शिकवायला गावोगाव फिरते. एकदा एका मजूर बाईबरोबर आधार केंद्रावर गेले होते. कांदा काढून काढून बोटांच्या भेगांत माती बसलेली. ती पदरानं बोट पुसायची, यंत्रावर ठेवायची, यंत्र नाही म्हणायचं. सातव्या-आठव्या वेळेला ती मला म्हणाली, ‘बाई, माझं बोट बी माझं न्हाई व्हय?’ शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवर तिचं काम झालं. तशी सोय आहे, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचाही ठसा उमटला नाही तर ‘डोळ्यांवर घ्या’ म्हणून ठामपणे सांगा. आणि आधारला नंबर बदलला म्हणजे बँकेत बदलला असं नाही. तिथं वेगळा अर्ज द्यावा लागतो.

आता मुलाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३८ टक्के निघाल्या, पुरुष ६१ टक्क्यांहून जास्त. बायकांना कळत नाही म्हणून नव्हे हो, फोन हातातच येत नाही म्हणून. ज्या बाईला दहा जणींची बचत, व्याज, थकबाकी तोंडपाठ आहे तिला चार रकाने भरणं जड नाही. त्याच मुलाला रोज रात्री जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं मागा, पण फोन तुमच्या हातात हवा. तो ‘आण, मी करतो’ म्हणेल, देऊ नका. टायपिंगची भीती वाटत असेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवून मराठीत बोला, अक्षरं आपोआप उमटतात. आमच्या गटातल्या साठीच्या काकू इतिवृत्त असंच लिहितात.

घरात विचारताना ‘मला फोन हवा’ असं म्हणू नका. ‘गटाचं काम माझ्या सहीनं चालतं, नंबरही माझाच लागेल’ असं सांगा. ते खरंच आहे.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा : पैसे येणार असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला लावला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर घरात काय म्हणतील याचा विचार करत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड.