वाचकांचे प्रश्न : नवी यंत्रणा काढली की सहकार्य वाढतं का?

प्रश्न : एटीएस (राज्य पोलिसांचं दहशतवादविरोधी पथक) होती, आयबी (केंद्राची गुप्तवार्ता संस्था) होती, तरी २६/११ नंतर एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) काढली. दर मोठ्या हल्ल्यानंतर एक नवी यंत्रणा उभी राहते. त्यामुळे खात्यांमधलं सहकार्य खरंच वाढतं का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पाटी नवी लागली म्हणून वाढत नाही. माहिती कोणी, कोणाला, किती वेळात द्यायची आणि दिली नाही तर जाब कोणाला विचारायचा, एवढं लेखी ठरलं तर जुन्या यंत्रणाही एकमेकींना धरून काम करतात.

अमेरिकेत काय झालं ते पाहा. ९/११च्या हल्लेखोरांपैकी दोघांची माहिती सीआयए या गुप्तचर संस्थेकडे जानेवारी २००० पासून होती. त्यांची नावं पाळतीच्या यादीत गेली ऑगस्ट २००१ मध्ये, तोवर दोघं देशात शिरले होते. माहिती अडली होती ती सीआयए आणि देशांतर्गत तपास करणारी एफबीआय यांच्यात. मग २२ संस्था एकत्र करून मार्च २००३ मध्ये गृहसुरक्षा खातं सुरू झालं, आणि या दोन्ही संस्था त्याच्या बाहेरच राहिल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिवाय या एका खात्याला अमेरिकी संसदेच्या किमान ८८ समित्या आणि उपसमित्यांपुढे उत्तरं द्यावी लागतात, असं ९/११ आयोगाने नोंदवलं. आधी स्वतंत्र असलेली आपत्ती संस्था फेमा या खात्यात गेली आणि २००५च्या कतरिना वादळात मदतकार्य कोलमडलं.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २००८ या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. एनआयए कायदा लागू झाला, आणि आयबीतल्या मल्टी एजन्सी सेंटरला इतर यंत्रणांशी माहितीची देवघेव बंधनकारक करणारा आदेश निघाला. हे सेंटर २००१ पासूनच होतं, बंधन नव्हतं. आमच्या मते सहकार्याच्या दृष्टीने हा आदेश जास्त मोलाचा, कारण एनआयएचं मुख्य काम गुन्हा घडल्यावर सुरू होतं. याउलट २०१२ मध्ये जाहीर झालेलं एनसीटीसी (राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र) उभंच राहिलं नाही. ते आयबीची शाखा असणार होतं, आणि अशा शाखेला अटक आणि झडतीचे अधिकार देण्याला अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला. पोलीस हा राज्याचा विषय आहे.

तपास हात बदलतो त्याची किंमतही असते. २००६च्या मालेगाव स्फोटांचा तपास एटीएस, सीबीआय, एनआयए असा फिरला. एटीएसने धरलेल्या आरोपींना न्यायालयाने दोषमुक्त केलं ते २०१६ मध्ये.

प्रश्न : नांदेडमध्ये एटीएसने २०१२ मध्ये उघडकीला आणलेलं प्रकरण पुढे एनआयएकडे गेलं. असा तपास वर्ग होतो तेव्हा स्थानिक पोलिसांचं काम संपतं का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही, आणि नेमकं इथेच बिघडतं. एनआयए कायद्याच्या कलम ६ प्रमाणे पोलीस ठाण्याचा अहवाल राज्य सरकारकडे, तिथून केंद्राकडे जातो. तो मिळाल्यापासून १५ दिवसांत केंद्र निर्णय घेतं. एनआयए प्रत्यक्ष तपास हाती घेईपर्यंत तो चालू ठेवणं हे ठाणे प्रमुखाचं कर्तव्य आहे. ‘आता ते बघतील’ म्हणून हात आखडला की दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरचं) चित्रण नव्या चित्रणाखाली पुसलं जातं. ते मग दिल्लीहून कोणीही आलं तरी परत मिळत नाही.

कागद सोपवताना केस डायरी, पंचनामे आणि मुद्देमालाची यादी हवी. प्रत्येक पाकिटाचा लाखेचा ठसा आणि न्यायसहायक प्रयोगशाळेच्या पावतीचा क्रमांक यादीशी जुळला पाहिजे. मोबाइल, पेनड्राइव्ह यांतला मजकूर पुरावा म्हणून द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (मजकूर बदलला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लागते. ठसा जुळला नाही तर बचाव पक्षाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

दिवसांचा हिशेबही सांभाळावा लागतो. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली दोषारोपपत्राची मुदत ९० दिवस, न्यायालयाने वाढवली तर १८० पर्यंत. ती आरोपीच्या पहिल्या कोठडीपासून मोजतात, तपास वर्ग झाल्यापासून नव्हे. साठ दिवस ठाण्यात गेले असतील तर नव्या अधिकाऱ्याच्या हाती तीसच उरतात. मुदत चुकली की आरोपी जामिनाचा हक्क सांगू शकतो.

प्रश्न : ऑनलाइन फसवणुकीसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळं दल काढावं का? (एक वाचक, जालना)

उत्तर : त्याआधी १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांक पूर्ण वापरात यावा. हा क्रमांक बँका आणि पोलिसांना एकाच प्रणालीवर जोडतो. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवणं हा त्याचा हेतू. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक), वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव जवळ ठेवा. ठाण्यात फिर्याद नंतर द्या, फोन आधी करा.