गिओन मात्सुरीला घरच्यांना घेऊन जाताय?

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर जपानमधल्या क्योतोचा गिओन मात्सुरी हा रथांचा उत्सव 17 ऐवजी 24 जुलैला बघा, असं मी ठामपणे सांगेन. 17 च्या मिरवणुकीत 23 रथ असतात, 24 ला 11. पण गर्दी कमी, त्यामुळे रथ नीट जवळून दिसतात.

उभं राहायचं ते कावारामाची-ओइके चौकात. रथ बारा टनांपर्यंतचा, आणि त्याची चाकं वळतच नाहीत. मग चाकांखाली बांबूच्या पट्ट्या अंथरतात, वर पाणी ओततात आणि दोर आडवा ओढून एका हाकेसरशी अख्खा रथ थोडाथोडा फिरवतात. पोरांना उचलून घ्या, हे चुकवू नका!

खाऊच्या टपऱ्या मात्र 24 च्या आदल्या संध्याकाळी फारशा नसतात; त्या हव्या असतील तर 15 किंवा 16 ची संध्याकाळ गाठा. शाकाहारी असाल तर ताकोयाकीत (पिठाचे गोल गोळे) ऑक्टोपस आणि याकिसोबात (परतलेले नूडल्स) बहुधा डुकराचं मांस असतं, हे लक्षात ठेवा. भाजलेलं कणीस आणि काकिगोरी, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, खुशाल घ्या. रथांपाशी मिळणारी चिमाकी, म्हणजे बांबूच्या पानांचा ताईत, खायची नसते, ती वर्षभर दारावर टांगायची. ऊन कडक असतं. पाणी, टोप्या आणि कचऱ्यासाठी एक पिशवी जवळ ठेवा.