मगरपट्ट्यासारखी टाउनशिप आपल्या वावरात होईल का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला. वर्धा जिल्ह्यात समृद्धी महामार्गाच्या येळाकेळी इंटरचेंजजवळ तुमच्या भावकीची आणि धुऱ्यावरच्या शेजाऱ्यांची मिळून 60 एकर सलग वावरं आहेत. नागपूरचा एक बिल्डर इसार घेऊन दारात उभा आहे. पुण्याला नोकरीत असलेली पोरं म्हणतात, विकू नका, पुण्यात शेतकऱ्यांनीच उभारलेल्या मगरपट्ट्यासारखी आपणच टाउनशिप काढू.

माझं मत आधीच सांगतो. टाउनशिप होणार नाही. पण पहिली वीट रचण्याआधी मगरपट्टावाल्यांनी कागदावर जे केलं, ते तुम्हालाही करता येईल. बिल्डरशी बोलायचं असेल तरी ते झाल्यावरच बोला.

पोरांनी मगरपट्टा आतून पाहिला असेल. सायबरसिटीच्या काचेच्या इमारती, अदिती गार्डन, सगळं चकाचक. तिथली जमीन कशी होती हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल. हडपसर पुणे महापालिकेच्या हद्दीत होतं, सोलापूर रस्त्यावर. 1982 च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात हा पट्टा पुढच्या नागरी वाढीसाठी दाखवला गेला. म्हणजे शेती आज ना उद्या जाणार हे तिथल्या शेतकऱ्याला दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की सरकार घेणार, बिल्डर घेणार की आपणच काही करायचं. 1990 च्या दशकात सतीश मगर यांनी भावकीला एकत्र बसवलं. साधारण 120 कुटुंबं आणि 400 एकरांहून जास्त जमीन एका कंपनीत आली. ज्याची जेवढी जमीन, त्याचे तेवढे शेअर. आराखडा आर्किटेक्ट हाफीज काँट्रॅक्टर यांनी केला आणि 2000 साली बांधकाम सुरू झालं.

त्याच सुमारास पुण्यात आयटी आली, हा नशिबाचा भाग. पण त्यांनी एक शहाणपण केलं. राहण्याचे फ्लॅट विकले आणि ऑफिसच्या इमारती भाड्याने दिल्या, म्हणजे जमीन गेली तरी दरमहा येणारा पैसा राहिला. घरची पोरं विटा-ब्लॉक पुरवणं, बगिचे, वाहतूक अशा कामांत घातली. शेतकऱ्याच्या हाती एकदम पैसा आला की आधी गाडी, मग बंगला, मग लग्न, हे आपण समृद्धीच्या पाचपट मोबदल्यानंतर गावोगाव पाहिलंच आहे. मगरपट्ट्यात पैसा हप्त्याहप्त्याने आला आणि सोबत धंदाही आला. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटी याच पद्धतीने झाली, सुमारे 700 एकरांवर. ते गावही पुण्याला चिकटूनच होतं, हे लक्षात ठेवा.

आता तुमचं. तुमच्याकडून नागपूर तासाभराच्या वाटेवर. इंटरचेंज म्हणजे गाड्या चढण्या-उतरण्याची जागा. तिथे फ्लॅट घेऊन राहायला कोण येणार? वर्ध्याचा माणूस वर्ध्यात घर घेतो, बुटीबोरीचा कामगार बुटीबोरीत. शिवाय राज्याच्या नियमात एकात्मिक नगर वसाहतीला, म्हणजे टाउनशिपला, किमान 40 हेक्टर सलग जागा लागते, म्हणजे जवळजवळ 100 एकर. तुमची 60 म्हणजे 24 हेक्टर. पोरांना एवढं दाखवा, वाद तिथेच मिटेल.

मग राहतं ते ले-आऊट पाडणं, म्हणजे प्लॉट करून विकणं, आणि बिल्डरच्या डोक्यातही तेच आहे. एकरात 43,560 चौरस फूट. रस्ते, 10 टक्के खुली जागा, सोयीसुविधांची जागा काढली की विकायला साधारण निम्म्याहून थोडं जास्त उरतं. तो एकराचा भाव बोलतो आणि विकतो फुटाने. उरलेल्या फुटांना त्याच्याच फुटाच्या भावाने गुणून पाहा, रस्ते-नाल्यांचा खर्च वजा करा, मग त्याने सांगितलेला आकडा किती मोठा वाटतो ते बघा.

आता कागदांचं. मी अर्जनवीस आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लावतो, कारण गावाची एकी फुटते ती इथेच. 60 एकर सलग आहे असं तुम्ही म्हणता, ते डोळ्याने. सातबाऱ्यावर किती नावं आहेत? आजोबांच्या नावावरून फेरफार न झालेली वावरं प्रत्येक गावात असतात. बहिणींचं काय? 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि बाप त्या तारखेला हयात नसला तरी हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. साडीचोळीवर हक्कसोडपत्र करून घेण्याचे दिवस गेले, आणि जायलाच हवे होते. बहिणींना पहिल्या बैठकीलाच बोलवा, शेवटच्या सहीला नाही.

त्यातले काही गट वर्ग दोनचे, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारे, निघतील. वर्धा जिल्हा आहे, भूदानाच्या पट्ट्याची जमीनही निघू शकते. ती अशी परस्पर विकता येत नाही. आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ आडवं येतं, म्हणजे ती परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही, आणि ते त्याच्या भल्यासाठी आहे. असे गट नकाशात मधोमध पडले तर ‘सलग’ हा शब्दच संपला. बँकेचा, सोसायटीचा बोजा वेगळा. पांदण रस्ता नकाशात कुठून जातो आणि प्रत्यक्षात कुठून, हेही तपासा. मोजणीचा अर्ज सगळ्यांनी मिळून एकदाच टाका.

विदर्भाला कुळवहिवाटीचा कायदाही वेगळा आहे, 1958 चा. त्याच्या कलम 89 मुळे शेतकरी नसलेल्याला, म्हणजे कंपनीलाही, शेतजमीन अशीच विकत देता येत नाही, परवानगी लागते. म्हणून ‘उद्या कंपनी काढू, परवा जमीन तिच्या नावावर’ एवढं सोपं नाही. गावात कुणीतरी म्हणेल, आपली शेतकरी उत्पादक कंपनी आहेच की. तिचं काम शेतमालाचं, ती प्लॉट पाडू शकत नाही.

तरी एकत्र यायला कंपनीच लागते असं कुठे आहे? आधी सगळ्या खातेदारांचा आपसातला नोंदणीकृत करार करा: कुणीही एकट्याने बिल्डरला सही द्यायची नाही, विकायचंच झालं तर आधी आतल्यांना विचारायचं, आणि पैसा क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचा, रस्त्याला कोण लागून आहे यावर नाही. हे शेवटचं कलम सगळ्यांत अवघड जाईल. ज्याचं वावर रस्त्याला लागून आहे, तो म्हणेल माझा भाव जास्त. त्याला थोडं जास्त द्या, पण किती ते आधी लिहून ठेवा. बिल्डर पहिला त्यालाच फोडतो आणि मागच्यांचा रस्ता बंद करून त्यांचा भाव पाडतो. ही नुसती भीती नाही, असे दस्त माझ्या टेबलावरून गेलेले आहेत.

‘विकसित प्लॉट देतो’ या बोलण्यावरही जपून. नवी मुंबईत शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ला आली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित प्लॉट द्यायची साडेबारा टक्क्यांची योजना 1990 मध्ये, तीही 1984 च्या आंदोलनात माणसं गेल्यावर. समृद्धीतही सरकारने आधी जमिनीच्या बदल्यात विकसित प्लॉट देऊ केले होते आणि बहुतेकांनी रोख मागितली. ते शेतकरी अडाणी नव्हते. प्लॉट कधी हाती येणार याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता.

माझ्या मते तुमच्या जागेला आज खरी मागणी असू शकते ती गोदामाची, शीतगृहाची, ट्रक उभे करायच्या जागेची. रस्त्याजवळचे 8-10 एकर अकृषक करून लांब मुदतीच्या भाड्याने द्या आणि भाडं सगळ्यांत वाटा. बाकी वावरात कपाशी-तूर चालू द्या. बोर धरणाच्या कालव्याचं पाणी मिळणारी जमीन असेल तर ती शेवटी काढा. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो, नोटरीवर भागत नाही.

आयकराचं सीएला विचारा, पण एवढं माहीत असू द्या: नगरपालिकेच्या हद्दीपासून लोकसंख्येप्रमाणे 2, 6 किंवा 8 किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन शेत म्हणून विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. प्लॉट पाडून विकलात की हिशेब बदलतो.

बिल्डरने दिलेल्या इसारपत्राचा मसुदा नावं खोडून इथे टाका. मुदत किती आणि सोबत मुखत्यारपत्र मागतोय का, ही दोन कलमं आधी पाहू. मुखत्यारपत्र मागत असेल तर तोवर कुणालाही सही करू देऊ नका, टोकन घेतलं असेल तरीही.