स्पितीला पहिल्यांदा निघताय? आधी नद्या बघा

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचा नकाशा उघडलात की हॉटेलं नंतर शोधा. आधी चंद्रा नदी बोटाने धरा. ती बारालाचा खिंडीच्या एका अंगाला उगम पावते, भागा दुसऱ्या अंगाला. दोघी डोंगराला वळसा घालून तांदीला भेटतात आणि पुढे चिनाब होतात. स्पिती नदी मात्र कुंझुम खिंडीच्या पलीकडे वाहते आणि खाली किन्नौरमध्ये खाबजवळ सतलजला मिळते. एवढं कळलं की रस्ते आपोआप कळतात, कारण तिथले रस्ते नद्यांच्या काठानेच जातात.

पहिल्या खेपेला मनालीहून थेट काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, गाठायचा हट्ट नको. सिमला-किन्नौरकडून चढा. उंची हळूहळू वाढते, शरीराला सवय होते. परत येताना कुंझुमवरून मनालीला उतरा.

कुंझुम आणि मनालीच्या मधला ग्रांफू ते बातल हा टप्पा शक्यतो सकाळीच पार करायचा. दुपारी उन्हाने बर्फ वितळतं आणि रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चार वाजता गाडी अडवतं. ड्रायव्हर म्हणाला 'आता नको', तर वाद घालू नका.

२०२० साली ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा झाला आणि लाहौल (स्पितीशेजारचं खोरं) मनालीहून एका दिवसात उरकायची जागा बनली. तिथल्या सिस्सू गावातली गर्दी बघून माझं तरी डोकं फिरतं! पैसा तिथल्या माणसाच्या हाती पडावा असं वाटत असेल तर गावातल्या होमस्टेत दोन रात्री राहा. चंद्रताल तलावाच्या काठावर तंबू ठोकायला मनाई आहे. कॅम्प तलावाच्या अलीकडे आहेत, शेवटचं अंतर चालतच जायचं.