बेळगावात बसून ऑनलाइन नीलम घ्यायचाय, रंग आणि कट कसा पारखायचा?

फोटोवर जाऊ नका, विक्रेत्याकडे खडा बोटांत धरून हळू फिरवलेले दोन व्हिडिओ मागा: एक खिडकीजवळ दिवसाउजेडी, दुसरा घरातल्या पिवळ्या बल्बखाली. मी शहापूरच्या सराफ गल्लीत खडे बसवतो, कुरिअरने आलेला नीलम हातात आला की आम्ही आधी हेच बघतो. सरळ वरून बघताना मधोमध फिकट, काचेसारखा डाग दिसला आणि त्यातून बोटाची कातडी दिसली, तर खालचा भाग उथळ कापलाय. उजेड परत न फिरता आरपार जातो आणि तो दोष कोंदणात झाकला जात नाही. फार खोल पोटाचा खडा उलट वजन खातो, पैसे कॅरेटचे जातात आणि वरून दिसतो लहान, म्हणून लांबी, रुंदी, खोली मिलिमीटरमध्ये विचाराच. गर्द म्हणजे भारी असंही नाही: बल्बखाली काळपट पडणारा नीलम बंद कोंदणात आणखी काळा दिसतो. खडा हीट केलाय का, म्हणजे रंग सुधारायला तापवलाय का, हे मात्र व्हिडिओत कळत नाही. त्याला लॅबचा रिपोर्टच लागतो.